भाचीचं औषध सरकारी योजनेत बसतं का? (प्लीहा काढणं मात्र बसतंय म्हणे)

मिरजकरीण

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर सापडते, आज वेगळंच विचारायला आलेय.

माझी भाची सहा वर्षांची आहे. दादा-वहिनी हातकणंगल्याला राहतात, दादा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. गेलं दीड वर्ष पोरीचं पोट पुढे येत होतं. आधी जंताची औषधं झाली. मग प्लेटलेट कमी आल्या म्हणून डेंगू ठरवून दोनदा ॲडमिट केलं. तिसऱ्या वेळी एका डॉक्टरांना ब्लड कॅन्सरची शंका आली. त्यांनी हाडातला मगज काढून तपासायला पाठवला. ते चार दिवस आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही. कॅन्सर नव्हता. पॅथॉलॉजीच्या बाईंना काचेखाली चुरगळलेल्या टिश्यू पेपरसारख्या पेशी दिसल्या. त्यांनीच सुचवलं म्हणून रक्तातल्या एन्झाइमची तपासणी केली आणि गोशे नावाचा आजार निघाला. शरीरात एक एन्झाइम जवळपास तयारच होत नाही, त्यामुळे एक प्रकारची चरबी प्लीहेत, यकृतात, हाडांत साठत जाते.

यावर औषध आहे. तेच एन्झाइम दर पंधरा दिवसांनी सलाईनमधून द्यायचं, जन्मभर. किंमत ऐकून दादा हॉस्पिटलच्या पायरीवर बसला तो बराच वेळ उठलाच नाही.

आमच्याकडे केशरी रेशनकार्ड आहे, आयुष्मानचं कार्डही काढलंय. हॉस्पिटलात योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्र बसतो, त्याच्याकडे गेलो. त्याने "गोशे" ऐकून संगणकात इंग्रजीत जी-ओ-एस-एच-ई असं टाकलं, काहीच आलं नाही. मी रिपोर्ट पुढे केला. स्पेलिंग "गाउचर" वाचावं असं आहे, ते टाकलं तरी काही आलं नाही. म्हणाला, "ताई, हे पॅकेजमध्ये नाही." मग तिथल्या सर्जननी सांगितलं की प्लीहा काढायचं ऑपरेशन योजनेत पूर्ण मोफत बसतं, प्लेटलेट वाढतील, तेच करून टाका. पुढच्या गुरुवारची तारीखही दिलीय.

तर प्रश्न असा: अशा दुर्मिळ आजाराचं औषध कुठल्या सरकारी विम्यात बसतं का? की प्लीहा काढून मोकळं व्हायचं?

अबोली

मी मुंबईत लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, वीस वर्षं झाली. विम्याचं नंतर बोलू, आधी तो गुरुवार थांबवा.

गोशेमध्ये प्लीहा काढली की प्लेटलेट वाढतात हे खरं. पण आजार तिथेच राहतो. साठायची चरबी मग यकृतात आणि हाडांत जास्त जाते, हाडांची दुखणी वाढतात. एन्झाइम मिळत नव्हतं त्या काळात सर्रास काढायचे, आता शक्यतो टाळतात. सर्जन चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही, पेशंट बघितल्याशिवाय कुणीच काही म्हणू नये. पण जनुकीय आजारांच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय टेबलावर घेऊ देऊ नका. रक्तस्राव होत नसेल तर दोन आठवड्यांनी आभाळ कोसळत नाही. मात्र तिला पोटावर पडू-आपटू देऊ नका, वाढलेली प्लीहा फुटू शकते. सायकल, झोपाळा सध्या बंद.

आणि एक सांगा, रिपोर्टमध्ये टाइप १ लिहिलंय, २ की ३?

मिरजकरीण

बापरे. दादाला लगेच फोन केला. गुरुवारचं आम्ही पुढे ढकलतोय. रिपोर्टवर टाइप लिहिलेला नाही, नुसती एन्झाइमची पातळी आहे. जनुकाची तपासणी केलेली नाही.

झोपाळ्याचं कुणीच सांगितलं नव्हतं हो. घरात आहे.

रानवारा

टाइप महत्त्वाचा आहे कारण सगळं त्यावरच अडतं. मी नाशिकचा, माझ्या मुलीला एसएमए आहे, म्हणजे स्नायू दुबळे करत नेणारा जनुकीय आजार. पाच वर्षांत या कागदांचा किडा झालोय. सविस्तर लिहितो.

तुमचा प्रश्न "विम्यात बसतं का" असा आहे. आम्हीही दीड वर्ष हाच प्रश्न घेऊन चुकीच्या खिडकीत उभे होतो. महात्मा फुले योजना आणि आयुष्मान भारत या दोन्ही पॅकेजवर चालतात. अमुक ऑपरेशन, तमुक दाखल-उपचार, त्याचा ठरलेला दर, आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. फुले योजनेत १ जुलै २०२४ पासून रेशनकार्ड कुठल्याही रंगाचं असलं तरी चालतं, आणि तेव्हा यादीत १३५६ उपचार होते. यात एकदा कापून शिवून घरी पाठवता येईल असं बरंच काही मावतं. दर पंधरवड्याला जन्मभर द्यायचं औषध या साच्यातच येत नाही. म्हणून प्लीहा काढणं "बसतं" आणि ती काढावी लागू नये म्हणून द्यायचं औषध "बसत नाही". आरोग्यमित्राचा यात दोष नाही, त्याच्यापुढे जी यादी आहे त्यातच तो शोधणार.

दुर्मिळ आजारांचं दार वेगळं आहे. केंद्राचं दुर्मिळ आजारांसाठीचं राष्ट्रीय धोरण, मार्च २०२१ चं. हा विमा नाही. कार्ड नाही, हप्ता नाही. ठरावीक रुग्णालयांना केंद्र पैसे देतं आणि ती रुग्णालयं औषध आणून पेशंटला देतात. पहिली आठ केंद्रं जाहीर झाली त्यात आपल्याकडचं परळचं केईएम आहे. आजारांचे तीन गट केलेत. पहिल्यात एकदाच उपचार करून बरे होणारे. दुसऱ्यात जन्मभर उपचार लागणारे पण तुलनेने कमी खर्चाचे. तिसऱ्यात औषध आहे पण खर्च अफाट असे. गोशे तिसऱ्यात, पण फक्त टाइप १ आणि ३, तेही मेंदूवर फारसा परिणाम नसेल तर. टाइप २ नाही. म्हणून अबोलीताईंनी विचारलं.

सुरुवातीला २०२१ मध्ये फक्त पहिल्या गटाला २० लाख होते, तिसऱ्या गटाला नुसती सहानुभूती. मे २०२२ मध्ये सगळ्या गटांना ५० लाखांपर्यंत केले. नीट वाचा, प्रति रुग्ण ५० लाख. प्रति वर्ष नव्हे.

आणि आधी औषध विकत घेऊन मग बिल लावू असं करू नका. पैसे पेशंटच्या हातात येतच नाहीत.

आमसूल

रानवारांना +१. आम्ही गोव्याचे. आमच्या दीनदयाळ योजनेचंही तेच, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, मोठ्या कुटुंबाला चार लाख, पण पॅकेज ते पॅकेज. माझ्या मुलाला एमपीएस आहे, गोशेसारखाच एन्झाइमच्या कमतरतेचा आजार, शेवटी आम्हीही परळच गाठलं.

एक छोटी गोष्ट, कुणाला उपयोगी पडेल. मुलाला बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगतेचं प्रमाणपत्र असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा निरामय विमा मिळतो. वर्षाला १ लाखच, पण ओपीडी आणि थेरपीसुद्धा चालते, आणि काढताना वैद्यकीय तपासणी करत नाहीत. फिजिओथेरपीचा आमचा खर्च त्यातून बराच निघतो. गोशे टाइप १ ला बहुधा लागू व्हायचा नाही.

फुकटफौजदार

राग मानू नका, पण एका मुलाला ५० लाख? तेवढ्यात मेळघाटात किती पोरं जगतील? सरकारने कुठेतरी हिशेब करायलाच हवा ना.

रानवारा

हिशेब आम्हीही करतो. रोज करतो. मेळघाटातल्या पोराचं ताट माझ्या मुलीच्या औषधाच्या बाटलीमुळे रिकामं राहिलंय असं कुठल्या बजेटमध्ये दिसलं तर मला ते पान दाखवा.

फुकटफौजदार

तसं म्हणायचं नव्हतं. असो. माघार.

अबोली

हिशेबाचं निघालंच आहे तर बाटल्यांचा करून देते. मिरजकरीण, तिचं वजन किती?

मिरजकरीण

सोळा किलो. आठ महिने तेवढंच आहे.

अबोली

डोस डॉक्टर ठरवतील. साधारण पूर्ण डोस किलोला ६० युनिट धरतात, काही ठिकाणी निम्म्यावरही ठेवतात. पूर्ण धरला तर १६ किलोला ९६० युनिट. बाटली ४०० युनिटची. म्हणजे २.४ बाटल्या. फोडलेली बाटली ठेवता येत नाही, म्हणून एका खेपेला दोन आणि पुढच्या खेपेला तीन असं करतात. वर्षाला २६ खेपा, ६५ बाटल्या. पोरगी ३० किलोची झाली की साडेचार बाटल्या एका खेपेला. वजन वाढलं की आईबाप खूश होतात. या आजारात त्यांच्या पोटात गोळा येतो. सरकारच्या धोरणातच लिहिलंय की दहा किलोच्या मुलाला काही दुर्मिळ आजारांचा खर्च वर्षाला १० लाखांपासून १ कोटीच्या पुढे जाऊ शकतो आणि वजनाबरोबर वाढतो. तर ५० लाख किती दिवस पुरतात ते तुम्हीच बघा.

दूरदेशी

मी रोटरडॅमला असतो. इथल्या मंडळाच्या ग्रुपवर टाकू का? गणपतीत बऱ्यापैकी वर्गणी जमते.

रानवारा

भावना पोचली. पण वर्गणी एका ऑपरेशनला पुरते, पंधरवड्याच्या औषधाला नाही. पहिल्या वर्षी लोक देतात, दुसऱ्या वर्षी फोन उचलत नाहीत, आणि त्यांचंही बरोबरच असतं. केंद्राच्या पोर्टलवरही असे पेशंट नोंदवून लोकांकडून निधी गोळा करायची सोय आहे, त्याच्या भरवशावर राहिलेलं कुणी मला अजून भेटलं नाही. द्यायचेच असतील तर जनुक तपासणी आणि मुंबईच्या फेऱ्यांसाठी द्या, ते बहुतेक आपल्यालाच करावं लागतं.

कारकून निवृत्त

धागा आत्ता पाहिला. मिरजकरीण, तुमचे बंधू फौंड्रीत कायम आहेत की कंत्राटी? पगारपत्रकात ०.७५ टक्के कपात दिसते का बघा.

मिरजकरीण

नऊ वर्षं कायम आहे. पगारपत्रक वहिनीने फोटो काढून पाठवलं. पीएफच्या खाली १५३ रुपये कापलेत, पुढे ईएसआय लिहिलंय. ते सर्दी-तापाच्या गोळ्यांचं कार्ड ना? वहिनी म्हणते कार्ड आहे, लग्नाच्या साडीच्या पिशवीत ठेवलंय, कधी वापरलं नाही. खासगीत दाखवलं की बरं वाटतं आपल्याला.

कारकून निवृत्त

१५३ म्हणजे पगार २०,४०० धरलाय. ताई, तुम्ही ज्याच्या शोधात फिरताय तो सार्वजनिक आरोग्य विमा साडीच्या पिशवीत आहे.

मी या खात्याच्या कामात आयुष्य काढलं म्हणून सांगतो. कर्मचारी राज्य विमा हा खरा विमा आहे. कामगार ०.७५ टक्के भरतो, मालक ३.२५ टक्के. महिना २१,००० पर्यंत पगार असलेला कामगार यात येतो, त्याच्याबरोबर बायको-मुलंही. हा फुले योजनेसारखा पॅकेजच्या यादीत अडकलेला नाही, ओपीडीही यातच. अतिविशेष उपचार कुटुंबीयाला हवे असतील तर साधारण एक वर्षाची नोकरी आणि १५६ दिवसांची वर्गणी लागते. तुमच्या भावाची नऊ वर्षं झालीत, प्रश्नच नाही. गोशेसारख्या आजारांच्या मुलांना ईएसआयने एन्झाइम दिल्याची उदाहरणं देशात आहेत.

कार्डावर मुलीचं नाव आहे का ते आज रात्रीच बघा. बऱ्याच जणांच्या कार्डावर आई-वडील असतात, नंतर झालेली पोरं चढवलेलीच नसतात. नसेल तर कंपनीच्या एचआरला सांगून ऑनलाइन चढवता येतं, जन्मदाखला आणि आधार लागेल. मग भागातला ईएसआय दवाखाना, तिथून कोल्हापूरच्या ईएसआय रुग्णालयात पाठवणी, तिथून पुढे. एवढ्या महागड्या औषधाची मंजुरी वर जाते, वेळ लागतो. दवाखान्यातला डॉक्टर तुमच्याकडे चमत्कारिक बघेल, त्याने हे नाव कॉलेजनंतर ऐकलेलं नसेल. न चिडता रिपोर्ट पुढे ठेवायचा.

अबोली

दोन्ही दारं एकाच वेळी ठोठवा. केईएमला दाखवणं तरीही करा, कारण निदान पक्कं केलेला, टाइप लिहिलेला, "एन्झाइमची गरज आहे" असा मोठ्या सरकारी केंद्राचा कागद ईएसआयच्या फायलीतही वजन देतो. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघा, सकाळी दादरला उतरा, लहान मुलाला घेऊन सीएसएमटीपर्यंत जाऊ नका. बोन मॅरोच्या काचा मागून घ्या, नुसता रिपोर्ट नको. मूळ कागद कुणाच्याही टेबलावर सोडू नका, प्रत्येकाच्या चार झेरॉक्स. दर महिन्याचं वजन वहीत लिहून ठेवा.

आणखी एक. औषध सुरू झालं की दर खेपेला मुंबई करू नका. कोल्हापुरात देता येईल का ते विचारा. सलाईन दीड-दोन तासांचं असतं. बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, गोठू द्यायची नाही. आमच्याकडे एक बाबा आइसक्रीमच्या डब्यात थेट बर्फावर ठेवून घेऊन आले होते. सगळं वाया. बर्फ आणि बाटली यांच्यात टॉवेल हवा.

रानवारा

कारकूनसाहेब, हे मला पाच वर्षांपूर्वी का नाही भेटलात? माझा पगार तेव्हा २३,००० होता म्हणा, उपयोग झाला नसता.

थोडं चांगलंही सांगतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने काही दुर्मिळ आजारांवरची भारतात बनलेली औषधं जाहीर केली, त्यात गोशेची गोळीही आहे, एलिग्लुस्टॅट. परदेशी गोळीचा खर्च वर्षाला १.८ ते ३.६ कोटी सांगत होते, इथली ३ ते ६ लाखांत. ती मोठ्या माणसांच्या टाइप १ साठी आहे, भाचीला आत्ता नाही. एन्झाइमवरचा ५ टक्के जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये शून्य झाला. यादीतल्या आजारांसाठी स्वतःच्या वापराला औषध बाहेरून मागवलं तर एप्रिल २०२३ पासून सीमाशुल्क माफ आहे, जिल्हा शल्यचिकित्सकाचा दाखला चालतो.

आणि आमचं विचाराल तर, मुलीचं एसएमएचं औषध, रिस्डिप्लाम, बाटलीला सहा लाखांच्या आसपास होतं. वीस किलो ओलांडल्यावर बाटली बारा दिवस जाते. सरकारचे ५० लाख सवलतीच्या दरातही संपले. त्यानंतरचे महिने मी लिहीत नाही. देशी कंपनीचं औषध कोर्टकचेरीनंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये आलं, १५,९०० ला. वर्षाला तीस बाटल्या, पावणेपाच लाख. अजूनही झेपत नाही, पण आता निदान आकडा माणसाच्या पगारासारखा वाटतो.

मिरजकरीण

महिनाभराने लिहितेय, माफ करा.

कार्डावर आई-बाबांची नावं होती, भाचीचं नव्हतं. चढवलं. केईएमला जाऊन आलो, गर्दी खूप पण तिथल्या डॉक्टर बाईंनी शांतपणे पाऊण तास तपासलं. जनुक तपासणीत टाइप १ निघाला. प्लीहा काढायची नाही असं लेखी दिलं. त्या तपासणीचे पैसे दूरदेशी आणि त्यांच्या मंडळाने दिले, त्यांनी इथे लिहू नका म्हटलं होतं, मी लिहिणारच.

ईएसआयची फाइल कोल्हापुरातून वर गेलीय. पहिल्यांदा परत आली, वजनाचा रकाना रिकामा होता म्हणून. वही होती म्हणून लगेच भरून दिला.

आता नवीनच भानगड. दादाला मोल्डिंगचा सुपरवायझर करतायत, पगार २२,५००. मालक चांगले आहेत, म्हणाले पोरीच्या दुखण्यात मदत होईल.

कारकून निवृत्त

अरे देवा.

२१,००० ओलांडल्यावर चालू वर्गणीकाळ संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्च अखेरपर्यंत, कपात चालू राहते आणि साध्या उपचारांचा लाभ त्यापुढेही काही महिने मिळतो. पण जन्मभराच्या औषधाला काही महिने म्हणजे काहीच नाही. ओव्हरटाइम मात्र ही मर्यादा ठरवताना धरत नाहीत. तेव्हा मालकांना हे समजावून सांगा. फक्त "कागदावर कमी, वरचे हातात रोख" असलं काही करू नका. पुढे चौकशीत फाइलच बाद होईल.

मिरजकरीण

दादा काल मालकांच्या केबिनमध्ये जाऊन आला. म्हणाला, सुपरवायझरचं काम करतो, पण पगार २०,९०० च्या वर नेऊ नका. मालकांना आधी वाटलं याला हिशेब कळला नाही. त्यांनी कॅल्क्युलेटर काढून पुन्हा दाखवलं.

वहिनीने झोपाळ्याच्या कड्या काढून ठेवल्यात. भाची रोज विचारते, कधी लावायच्या. अबोलीताई, औषध सुरू झाल्यावर प्लीहा उतरायला साधारण किती दिवस लागतात?

अबोली

प्रत्येकाचं वेगळं असतं, पण सहा महिन्यांत सोनोग्राफीत फरक दिसायला लागतो. कड्या टाकून नका देऊ.